ट्रक मागून येऊ द्या

*माझ्या नवऱ्याची जयपूरला बदली झाली आहे. एक जूनला त्याला तिकडे हजर व्हायचं आहे. आमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे. जुळे सोलापुरातला फ्लॅट रिकामा करून सामान ट्रकने पाठवायचं आणि आपण आपल्या गाडीने जायचं, असं ठरलंय. नवरा म्हणतो, गुरुवारी संध्याकाळी ट्रक भरू, पहाटे तीनला निघू, शुक्रवारी रात्री इंदूर, शनिवारी रात्री जयपूर, म्हणजे ट्रकच्या आधी आपण तिथे. सासूबाई बाळीवेशीत राहतात. त्यांचं म्हणणं, एवढ्या उन्हात पोराला नेऊ नका, महिनाभर माझ्याकडे ठेवा. नणंद म्हणते, निघताना चमचाभर सर्दीचं औषध पाजा, इंदूरपर्यंत उठायचा नाही. मुलगा कारसीटमध्ये दोन मिनिटं टिकत नाही, माझ्या मांडीवरच बसतो. ऑफिसचं गेस्ट हाऊस पहिले आठ दिवस मिळणार आहे. मला तिघांनी एकत्रच जायचं आहे, पण विचार करून करून रात्रीची झोप उडाली आहे. गाडीने जाणं हा वेडेपणा आहे का?*

*— एक आई, जुळे सोलापूर*

ताई, गाडीने जाण्यात वेडेपणा काही नाही. यजमानांच्या वेळापत्रकात मात्र थोडा आहे, त्याकडे येतेच. त्याआधी नणंदबाईंच्या चमच्याचं बघू. बाकीचं चुकलं तर रडारड होते आणि निभावतं. हे चुकलं तर निभावेलच असं नाही.

प्रवासात मूल झोपावं म्हणून सर्दीचं किंवा उलटीचं औषध पाजायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण यासाठी सर्रास वापरलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतो, कारण त्याने श्वास मंदावून मुलं दगावलेली आहेत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडगोळी सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये असते. चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचे आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. घरातली बाटली हातात घेऊन बघा, त्यावर ही नावं सापडण्याची शक्यता आहे. शिवाय काही मुलांवर या औषधांचा उलटाच परिणाम होतो. झोपायचं सोडून ती दोन-चार तास पिसाळल्यासारखी करतात. तेव्हा नणंदबाईंना गोड शब्दांत सांगा, 'डॉक्टर नको म्हणाले.' आणि खरंच डॉक्टरांना विचारा. निघण्याच्या आधी त्यांच्याकडे एक फेरी व्हायलाच हवी आहे.

आता वेळापत्रक. सोलापूर ते जयपूर हे अंतर साधारण बाराशे ते तेराशे किलोमीटर. गंमत म्हणजे ही दोन्ही शहरं एकाच रस्त्यावर आहेत. तुमच्या दारावरून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ कर्नाटकातल्या अंकोल्याहून निघून पंजाबात संगरूरपर्यंत जातो, आणि वाटेत धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर सगळं येतं. नकाशावर सरळ रेघ दिसते म्हणून यजमानांनी तिचे दोन तुकडे केले. पण त्यातला पहिला तुकडा म्हणजे सोलापूर ते इंदूर, सातशे किलोमीटर. त्यात कन्नडचा घाट, मग सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट, आणि खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरजवळ भेरू घाट. एकट्या पुरुषाने हे अंतर एका दिवसात कापलं तर मित्रमंडळींत फुशारकी मारता येते. वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन ते चौदा-पंधरा तासांचं काम होतं, आणि तेही आदल्या रात्री ट्रक भरून, धड न झोपता. मला मुलापेक्षा जास्त काळजी त्या ड्रायव्हरची वाटते. पहाटे तीन ते सहा ही डुलकी लागण्याची हमखास वेळ, आणि तुमचा प्रवास सुरू होणार तोच तेव्हा.

बरं, ही सगळी घाई कशासाठी? ट्रकच्या आधी पोहोचायचं म्हणून. इथेच गाठ सोडवायला हवी. ट्रकशी शर्यत लावण्यात अर्थ नाही, कारण तो तुमच्या वाटेने जाईलच असं नाही. कन्नड-चाळीसगावच्या घाटात जड वाहनांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून ट्रकांना नांदगावकडून वळसा घ्यावा लागतो. पॅकर्सवाल्याने तुमचं सामान दुसऱ्या कुणाच्या सामानासोबत अर्ध्या गाडीत भरलं, तर ते आधी पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या गोदामात उतरून आठवड्याने निघेल. पूर्ण ट्रक घेतलात तरी 'परवा पोहोचतो' या वाक्यावर किती विसंबायचं, ते तुम्ही जाणताच.

म्हणून माझं म्हणणं असं की क्रम उलटा करा. आधी तुम्ही निघा, ट्रक मागून येऊ द्या. सासू-सासरे सोलापुरातच आहेत, हे तुमचं मोठं भाग्य. खोकी आधी बांधून, त्यांवर नंबर घालून, यादीची एक प्रत सासऱ्यांच्या हातात द्या. तुम्ही इंदूरला पोहोचाल त्या दिवशी त्यांनी उभं राहून ट्रक भरून घ्यावा. नातवासाठी काहीतरी करायची त्यांची इच्छा असणारच, त्यांना हे काम द्या. तुम्ही जयपूरला उतरून गेस्ट हाऊसमध्ये एक-दोन रात्री नीट झोपलात की मग ट्रक दारात येईल. ते आठ दिवस त्याचसाठी आहेत.

पॅकर्सविषयी थोडक्यात: सगळे पैसे आधी देऊ नका. वस्तुनिहाय यादीवर सही-शिक्का घ्या. बिल्टी (ट्रकने माल नेल्याची पावती) आणि वाहतुकीच्या विम्याचा कागद मागा, तोंडी 'इन्शुरन्स आहे ना मॅडम' चालणार नाही. पूर्ण ट्रक की अर्धा, हे लिहून घ्या. गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये चढवू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, त्यावर जयपूरला जोडणी मिळते.

यजमानांना एक जूनला हजर व्हायचंय, म्हणजे पंचवीस मेच्या सुमारास सोलापूर सोडलं तर बरं. चार मुक्काम धरा: संभाजीनगर, धुळे किंवा शिरपूर, इंदूर आणि कोटा. पाचव्या दिवशी दुपारी जयपूर. यजमान म्हणतील, धुळ्याला कशाला थांबायचं, संभाजीनगरपासून दीडशे किलोमीटर तर आहे. त्यांना सांगा की संभाजीनगर ते इंदूर चारशे किलोमीटरच्या घरात आहे आणि मघाशी सांगितलेले तिन्ही घाट त्या एकाच दिवसात येतात. मुलाला उलट्या झाल्या तर त्याच दिवशी होतील. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण तसं कमी असतं, पण तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावरच आहे. एका दिवशी एक किंवा दोन घाट, याहून जास्त नको. रजा अगदीच कमी पडत असेल तर धुळ्याचा मुक्काम गाळा, पण इंदूरचा किंवा कोट्याचा गाळू नका.

रोजचा नियम एकच ठेवा: पहाटे पाचला निघायचं आणि बारा वाजता गाडी बंद. हे मी मुलासाठी कमी आणि उन्हासाठी जास्त सांगतेय. मेच्या शेवटी सोलापूर चाळीसच्या वर असतं हे तुम्हाला नवं नाही. कोटा त्याच दिवसांत चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातं. एसी चालू असला तरी खिडकीतून येणारं ऊन मागच्या सीटवरच्या मुलाच्या अंगावर पडतं, आणि दुपारी दोनला गाडी बंद पडली तर रस्त्याकडेला सावलीसुद्धा मिळत नाही. पाचला निघालं की मूल झोपेतच उचलून गाडीत ठेवता येतं आणि पहिले दोन तास फुकट मिळतात. पहिल्या दिवशी तुळजापूर, धाराशिव मागे पडेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही. येडशीच्या आसपास तो उठेल, तिथे पहिला थांबा. पुढे बीडला नाश्ता-शी-शू, मग शहागडची गोदावरी ओलांडून बाराच्या आत संभाजीनगर. या वयाच्या मुलांना दिवसभरात सगळी मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. दुपारची झोप हॉटेलच्या पलंगावर, हातपाय पसरून होऊ द्या. तेव्हा यजमानांनीही झोपायचं, फोन घेऊन बसायचं नाही. संध्याकाळी सहानंतर एखाद्या बागेत तास-दीड तास त्याला मोकळा सोडा. गाडीत बांधून ठेवलेली सगळी ताकद तिथे खर्च झाली नाही तर ती रात्री अकराला खर्च होते.

थांबे दीड-दोन तासांनी. आणि थांबा म्हणजे थांबा: मुलाला सीटमधून बाहेर काढून, पायांवर उभं करून, पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही चहा घेताय आणि तो सीटमध्येच आहे, याला थांबा म्हणत नाहीत. पाच मिनिटांसाठीसुद्धा त्याला बंद गाडीत एकटं ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. टोलवर, पंपावर, 'झोपलाय, राहू दे' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आणखी एक, सोलापूरकरांना खास सांगण्यासारखं. निघायच्या दिवशी घरातून कुणीतरी म्हणणारच, 'तुळजापूर वाटेवरच आहे, आईचं दर्शन घेऊन जा.' दर्शन जरूर घ्या, पण आदल्या आठवड्यात एखाद्या सकाळी जाऊन. निघायच्या दिवशी रांगेत दोन तास गेले की पुढचं सगळं गणित उन्हात जातं.

पुढच्या टप्प्यांबद्दल दोन गोष्टी. इंदूरहून कोट्याला जाताना महामार्ग ५२ ब्यावऱ्यावरून बराच वळसा घेतो. उज्जैन, आगर, झालावाड हा रस्ता जवळचा पडतो, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. झालावाड ते कोटा या पट्ट्यात दरा गावाजवळ मुकुंदराच्या डोंगरात रस्ता चिंचोळा होतो आणि ट्रकांच्या लांब रांगा लागतात. त्या दिवशी पाचऐवजी साडेचारला निघा. कोटा ते जयपूर अडीचशे किलोमीटर, बुंदी, टोंक करत आरामात होतं. वाटेत गाडी बिघडली किंवा अपघात झाला तर राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवेत. तुम्हाला गाडी येते का, हे पत्रात नाही. येत असेल तर रोज सकाळचा पहिला तास तुमचा.

आता कारसीट. या बाबतीत मी तुमच्या बाजूची नाही, आधीच सांगते. मांडीवर नको. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी कशावर आदळली तर अकरा किलोचं मूल त्या क्षणी जवळपास तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. ते कुठल्याच आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही. तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तुमचं वजन त्याच्यावर येतं. कायदाही आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड. पण दंडासाठी करू नका.

तो बसत नाही कारण त्याला ती सीट आठवड्यातून एकदा, रडतानाच दिसते. तुमच्या हातात अजून थोडे दिवस आहेत. सीट गाडीतून काढून घरात आणा, खोलीत जमिनीवर ठेवा. तो तिच्यावर चढेल, भालूला बसवेल, खाऊ खाईल. दोन-तीन दिवसांनी पट्टे लावून लगेच काढायचे. मग गाडीत, आधी विजापूर रोडपर्यंत, मग हिप्परग्याच्या तलावापर्यंत. गाडी सुटली आणि तो रडला तरी चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढायचं नाही. एकदा काढलं की रडल्यावर सुटका होते, हे त्याला कळतं आणि पुढे बाराशे किलोमीटर तो तेच करणार. फार रडला तर गाडी बाजूला घ्या, थांबा, शांत करा, परत बसवा. पहिल्या चार-पाच फेऱ्या जिवावर येतील. आजीला या फेऱ्यांना नेऊ नका, तिला ते रडणं बघवणार नाही आणि तिसऱ्या मिनिटाला तो तिच्या मांडीवर असेल.

सीट मागच्याच बाकावर लावायची. मागे तोंड करून बसवण्याची सोय असेल आणि मुलाचं वजन-उंची त्या सीटच्या मर्यादेत असेल तर मागेच तोंड राहू द्या, या वयात मान अजून नाजूक असते. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर तर असं कधीच नाही. कुणाची वापरलेली सीट मिळाली असेल तर ती गाडी अपघातातून गेलेली नाही ना, हे विचारून घ्या. थांब्यावर उतरताना सीटवर पांढरी चादर टाकत जा. परत येईपर्यंत बकल तापलेलं असतं आणि मांडीला चटका बसतो. पाठीखाली घाम साचून घामोळं येतं, तेव्हा अंगावर पातळ सुती झबलं एवढंच. आणि डायपर ओला होवो न होवो, दर तीन-चार तासांनी बदला.

गाडीतल्या सामानाबद्दल. घर हलवताना एक मोह होतो: ट्रकमध्ये राहिलेलं सगळं गाडीत कोंबायचं. मिक्सर, कुकर, लोणच्याची बरणी, इस्त्री, मुलाच्या शेजारी आणि मागच्या काचेपर्यंत रचून. जोरात ब्रेक लागला की यातली प्रत्येक वस्तू पुढे उडते. मुलाच्या उंचीच्या वर काहीही सुटं ठेवू नका. डिकीत बसेल तेवढंच न्यायचं, बाकी ट्रकला. देव मात्र लोक गाडीतूनच नेतात, तुम्हीही न्याल. डब्यात कापडात गुंडाळून सीटखाली घट्ट बसवा. निघण्याआधी टायर बघून घ्या. जुने झालेले, घासलेले टायर तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर फुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

तुमच्यासोबत राहायला हव्यात अशा वस्तू म्हणजे मुलाची चादर किंवा ज्याच्याशिवाय तो झोपत नाही ते काय असेल ते, त्याची वाटी-चमचा, दोन-चार खेळणी, पाच दिवसांचे कपडे, औषधं आणि सगळे कागद. आणि ती चादर निघण्याआधी धुऊ नका. घराचा वास त्या चादरीतच असतो, आणि पाच रात्री पाच वेगळ्या खोल्यांत त्याला ओळखीचं तेवढंच असणार आहे. सोलापूरची चादर जाड, उन्हाळ्यात पांघरवत नाही हे खरं, पण उशाशी असू द्या.

खाण्याचं फार अवघड नाही. नाचणीसत्त्व, लाह्यांचं पीठ, मऊ राजगिऱ्याची वडी, केळी, घरचा गूळ-तुपाचा शिरा हे सकाळपुरतं पुरतं. दुपारी हॉटेलात वरणभात सगळीकडे मिळतो, मीठ-तिखट कमी सांगायचं. पण आपण सोलापूरचे, आपल्या प्रत्येक पदार्थात शेंगदाणा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न या वयात घशात अडकतात, ते गाडीत ठेवूच नका. कूट चालेल. आणि चालत्या गाडीत काहीच खायला द्यायचं नाही. मागच्या बाकावर मूल गुदमरलं तर आवाज येत नाही, आणि पुढे बसलेल्याला कळेपर्यंत उशीर होतो. तुम्ही म्हणाल, मग गप्प कसा बसेल? पाणी द्या, तोंडाला लावायचं सिपर द्या, गाणी म्हणा. मोबाईलचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते मला मान्य आहे. घाटात तर मुळीच देऊ नका, चालत्या गाडीत खाली मान घालून बघितलं की मळमळतं. कोट्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकलात आणि सगळे उपाय संपले, तर पंधरा मिनिटं लावलीत म्हणून पाप लागत नाही.

पाणी घरून उकळून नेलेलं पहिल्या दिवशी, नंतर सीलबंद. ओआरएसच्या पुड्या मेडिकलमधूनच घ्या आणि त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदमच घालायची, अर्धी-पाव करायची नाही. सहा-आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, मूल मलूल पडलं, तर पुढे जायचं नाही. जे गाव जवळ असेल तिथल्या बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. म्हणूनच मुक्काम मोठ्या शहरांत धरले आहेत.

मघाशी डॉक्टरांकडच्या फेरीचं म्हटलं, ते लसीसाठीही. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर असतात. कार्डावर बघा झालेत का. राहिले असतील तर निघायच्या किमान दहा-बारा दिवस आधी घ्या किंवा जयपूरला स्थिरावल्यावर. डीपीटीनंतर ताप येतो, आणि तापलेलं मूल घेऊन तापलेल्या गाडीत बसायची वेळ कुणावर येऊ नये. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप तर आठवड्या-दीड आठवड्याने येतो. ते कार्ड तुमच्या पर्समध्ये, ट्रकमध्ये नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, उन्हाच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे. पण महिनाभर ठेवायचं मला पटत नाही. वीस महिन्यांच्या मुलाला महिना कळत नाही. आई-बाप एके दिवशी गेले आणि घरही गेलं, एवढंच त्याला कळतं. परत भेटल्यावर अशी मुलं काही दिवस आईकडे बघतही नाहीत आणि मग पदर सोडत नाहीत. त्यापेक्षा सासूबाईंकडे त्याला ठेवा ते निघायच्या आदले दोन-तीन दिवस, जेव्हा घरात खोकी, चिकटपट्टी, कात्री आणि धूळ असेल. रात्री तुम्हीही बाळीवेशीत जाऊन त्याच्याजवळ झोपा आणि पाचला तिथूनच निघा. रिकामं घर त्याने बघायची गरज नाही. आणि सासूबाईंना जयपूरला बोलवा, पण पंधरा दिवसांनी, घर लागल्यावर. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने आग्रा आणि तिथून जयपूर चार-पाच तासांवर. कुणाच्या तरी सोबतीने येऊ दे, एकट्या नको. 'तुम्ही आल्याशिवाय तो रुळायचा नाही,' हे त्यांना मनापासून सांगा. ते खरंही आहे.

कुणी विमानाचं सुचवेल. पुण्याहून जयपूरला थेट विमान आहे आणि दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घ्यावी लागत नाही. यजमानांना गाडीत सोबतीला एखादा मित्र मिळाला असता तर मी तुम्हाला तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला एकत्र जायचंय. पाच दिवस आणि पाच सकाळी अशा मांडल्या तर ते जमण्यासारखं आहे.

जयपूरला ट्रक उतरला की पहिलं खोकं स्वयंपाकघराचं उघडू नका, मुलाच्या झोपण्याच्या जागेचं उघडा. पोळीभाजी दोन दिवस बाहेरून येईल. खोकी उघडताना निघालेले खिळे, प्लास्टिकच्या पट्ट्या, कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. नव्या घरात बाल्कनीचे गज, प्लग आणि न्हाणीघरातली भरलेली बादली हे तीन आधी तपासा. बोटभर पाण्यातही या वयाचं मूल बुडू शकतं. स्तनपान सुरू असेल तर ते सोडवणं, बाटली बंद करणं, डायपर काढणं, वेगळं झोपवणं यातलं काहीही त्या महिन्यात सुरू करू नका. काही दिवस तो चिकटेल, रात्री उठेल, जेवणार नाही, शिकलेले शब्द विसरल्यासारखं करेल. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं मार्गावर येतात. महिना उलटूनही वजन घटत असेल किंवा तो खेळायलाच तयार नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि यजमानांसाठी एक. एमएच १३ ची गाडी राजस्थानात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी सोलापूरच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो. निघायच्या आधी चौकशी करून घेतली तर त्या एका कागदासाठी पुन्हा रजा टाकायला नको. वाहन कर्ज चालू असेल तर बँकेचंही पत्र लागेल.